मोठ्या शोधसूचीतील गाळणी आणि वर्णक्रम : मराठी नोंदींच्या संदर्भात

प्रास्ताविक :
संगणकीय ग्रंथतालिकेत ‘वणी’ हा शब्द टाकला असता यवतमाळ जिल्ह्यातील आपल्या वणीबरोबरच नाशिक जिल्ह्याच्या दिंडोरी तालुक्यातील वणीच्याही नोंदी समोर येतात. रोमन लिपीत काही वेळा अक्षरभेदाने दोन्ही गावे वेगळी ओळखता येतात. देवनागरीत तीही सोय नाही. अशा वेळी ‘जिल्हा : यवतमाळ’ ही गाळणी लावावी लागते व उरलेल्या नोंदी वर्णक्रमाने मांडाव्या लागतात. सूची मोठी असेल तर या दोन क्रियांचा खर्च कोठे होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गाळणी :
गाळणी तुलनेने स्वस्त आहे. प्रत्येक नोंदीसाठी एक बिट ठेवल्यास १० लाख नोंदींची ‘यवतमाळ’ ही पट्टी केवळ १,२५,००० बाइटांत मावते. एकदा तयार झालेली पट्टी जपून ठेवता येते आणि पुढील प्रत्येक प्रश्नास ती पुन्हा वापरता येते.

क्रमलावणी :
खरी अडचण येथे आहे. १० लाख नोंदी पूर्ण क्रमाने लावण्यास सुमारे २ कोटी तुलना लागतात. वाचकास मात्र पहिल्या पानावरील २० नोंदीच हव्या असतात. म्हणून यंत्राने त्या २० नोंदींचाच लहानसा ढीग सांभाळावा. बहुतेक नव्या नोंदी ढिगातील शेवटच्या नोंदीशी एका तुलनेतच बाद होतात. ५०० व्या पानासाठी मात्र हाच ढीग १०,००० नोंदींचा होतो.

मराठीत तुलनाच महाग पडते. युनिकोडमध्ये ‘ळ’चा संकेतांक ‘ल’नंतर लगेच येतो; आपल्या वर्णमालेत ‘ळ’ ‘ह’नंतर आहे. केवळ संकेतांकांवर विसंबल्यास आपल्या जिल्ह्यातील ‘कळंब’ हे ‘कसबा’च्या आधी येते. वर्णमालेवर विश्वास ठेवून यादी चाळणारा संशोधक ‘कसबा’च्या पुढे शोधतो आणि नोंद नाहीच, असा निष्कर्ष काढतो. संथ यंत्राचा त्रास निदान जाणवतो, हा दोष जाणवतही नाही.

दर प्रश्नाच्या वेळी मराठी नियमांनी अक्षरे ताडून पाहणे हा यावरील उपाय नव्हे. नोंद सूचीत घालतानाच तिची क्रमकळ तयार करून ठेवावी. ‘ल्युसीन’ या शोधप्रणालीच्या २०१२ च्या चौथ्या आवृत्तीपासून अशी मूल्ये नोंदवार, स्तंभरूपाने साठविता येतात. तिच्यावर आधारलेल्या ‘सोलर’मध्ये भाषेनुसार क्रम ठरविणारा क्षेत्रप्रकारही उपलब्ध आहे. मग प्रश्नाच्या वेळी अक्षरांऐवजी क्रमांकांचीच तुलना होते. साठवण वाढते, नोंदणीस थोडा विलंब लागतो. परंतु नोंद एकदाच होते आणि शोध हजारदा, हे लक्षात घेता हा व्यवहार फायद्याचाच म्हणावा लागेल.

‘क्ष’ व ‘ज्ञ’ यांच्या जागेबाबत मात्र कोशकारांची प्रथा एकसारखी नाही. हा निर्णय संगणक विभागावर न सोडता ग्रंथपालांनी घेऊन लिहून ठेवावा.

आपल्या तालिकेची परीक्षा पाच शब्दांत होते : कलम, कवच, कळस, खडू, क्षमा. यादी याच क्रमाने आली, तर प्रणाली वर्णमालेनुसार चालते. कलम, कळस, कवच, क्षमा, खडू असा क्रम दिसल्यास ती केवळ संकेतांक मोजत आहे.