रीलची जागा

सकाळी साडेसहा

ऑक्टोबरात रत्नागिरीचं ऊन नऊ वाजताच पाठीवर बसतं, म्हणून किनाऱ्यावरचं काम आधी उरकायचं. काका सातला येणार आहेत. तोवर त्यांच्या मासेमारीच्या रॉडचा ब्लँक तपासून घेतो. दहा फुटांचा, दोन तुकड्यांचा, कार्बनचा नुसता कोरा दांडा आहे. त्याला ना मूठ, ना रिंगा. डोळ्यासमोर धरून सावकाश फिरवला की किंचित बाक दिसतो. सरळसोट ब्लँक क्वचितच हाती येतो. हा बाक वरच्या अंगाला घ्यायचा आणि रिंगा खालच्या अंगाला बांधायच्या, म्हणजे त्यांच्या वजनानं शेंडा सरळ रेषेत येतो. त्या रेषेवर पांढऱ्या पेन्सिलीनं बुंध्यापर्यंत खुणा केल्या आणि दोन तुकड्यांच्या जोडावरही एक रेघ ओढली. रील जिच्यात आवळायचं ती रीलसीट आता याच रेषेत बसणार. बुंध्यापासून ती किती अंतरावर येईल, ते काकांचा हात सांगेल.

सात

काका एस.टी.तून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेत. उंची पाच फूट दोन इंच आणि उजवा खांदा धरलेला. खडपावरून तांबोशी, गोब्रा आणि खाडीच्या तोंडाशी जिताडा गरवणं हा त्यांचा जुना नाद. दुकानातून आणलेला तयार रॉड ते सोबत घेऊन आले.

"फेकायला लागलो की तासाभरात खांदा बोलतो रे. रात्री कूस बदलता येत नाही."

टेप लावून पाहिलं. बुंध्यापासून रीलच्या दांड्यापर्यंत तीस इंच भरले. सहा फुटी माणसाला हे माप चालून जाईल. कारखाना एका लांबीचे सगळे रॉड एकाच मापानं बनवतो. तिथं गिऱ्हाइकाचा हात कुणी बघितलेला नसतो.

मी त्यांना उभं केलं. कोऱ्या ब्लँकचा बुंधा काखेत धरायला दिला आणि हात ब्लँकवरून पुढे सरळ करायला सांगितला. जिथं मधली बोटं टेकली तिथं खूण केली. सव्वीस इंच. किनाऱ्यावरून दोन्ही हातांनी फेकायच्या रॉडसाठी हे जुनं, भरवशाचं माप आहे. पण ते हाताची लांबी सांगतं, खांदा किती वळतो ते सांगत नाही. म्हणून एवढ्यावर थांबायचं नाही.

आठ, भाट्याचा किनारा

सुकती लागलीय, वाळू मोकळी आहे. ब्लँकवर रील थेट चिकटपट्टीनं बांधलं, रिंगाही पट्टीनंच. शिसं साठ ग्रॅमचं, गळ नाही. पट्टीवरचं रील जोरात फेकण्याजोगं नसतं. पण हात कुठं अडतो ते कळायला सावकाश फेकणंही पुरतं.

आधी अठ्ठावीस इंचांवर. काकांनी रॉड मागे नेला तशी उजवी कोपर पूर्ण उघडली, खांदा कानाजवळ चढला आणि चेहरा आखडला. शिसं बरं गेलं. मग सव्वीसवर. खांदा खाली राहिला, पण फेक सुटताना डाव्या हातानं बुंधा छातीशी ओढायचा तो अजून पोटापाशीच अडकत होता. पंचवीसवर दोन्ही हात एका लयीत आले. उजवी कोपर वाकलेलीच राहिली, डावा हात छातीपर्यंत आला आणि शिसं तर अठ्ठावीसच्या फेकीपलीकडे पडलं.

"हे माझं," काका म्हणाले.

तेविसावरही बांधून बघितलं. तिथं हात इतके जवळ आले की रॉड मनगटातून फिरायला लागला. दोन हातांतलं अंतर कमी झालं की तरफ आखूड होते आणि त्याच फेकीला जास्त जोर लागतो. खांदा वाचवून मनगट दुखवायचं नाही. पंचवीस ठरलं.

अकरा

माझ्या कार्यशाळेत परतलो. माझ्या लेखी दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा तास हाच, कारण गोंद लागला की विचार संपतो.

फेकण्यासाठी पंचवीस ठीक. पण मासा लागल्यावर काय? तेव्हा बुंधा कमरेशी टेकतो आणि पुढचा हात रॉड उचलून धरतो. रॉड एकशेवीस इंचांचा. शेंड्यावर दोन किलोची ओढ असेल, तर अठ्ठावीस इंचांवरच्या हाताला साडेआठ किलोंचा जोर लावावा लागतो. पंचवीसवर तोच साडेनऊच्या पुढे जातो. रॉड वाकला की तरफ आखडते, त्यामुळे प्रत्यक्षात आकडे कमी भरतात. दोन जागांतला फरक मात्र राहतोच. खांदा धरलेल्या माणसाला हा वाढीव किलो जाणवणार.

उपाय पुढच्या मुठीत आहे. बाजारातल्या रॉडला रीलच्या पुढे चार-पाच इंच फोम असतो. काकांच्या रॉडला तो दहा इंच ठेवायचा. फेकताना हात रीलपाशी, पंचवीसवर. मासा लागला की डावा हात रीलच्या मुठीवर राहील आणि उजवा पुढे सरकून चौतीस इंचांच्या आसपास जाईल. तिथं तीच ओढ सात किलोंवर येते. सीट हलवून एका वेळी एकच गरज भागली असती. लांब मुठीनं दोन्ही भागतात.

इंग्लंडात समुद्रकिनाऱ्यावरून लांब फेकणारे काही जण रील थेट बुंध्याजवळ, खालच्या हाताशी बसवतात. काही तर सीट चिकटवतच नाहीत, सरकवता येणाऱ्या क्लॅम्पवर रील धरतात, त्याला कोस्टर म्हणतात. अमेरिकेतल्या टेनेसी मुठीला सीटच नसते. सलग बुचाच्या मुठीवर रील पट्टीनं किंवा सरकत्या कड्यांनी बांधायचं. या लोकांनी जागा मोकळी ठेवली याचं मला फार कौतुक वाटतं. काकांसाठीही कोस्टर मनात आला होता. पण क्लॅम्पचे कंगोरे बोटांना लागतात, आणि खडपावर ओल्या हातांनी स्क्रू आवळत बसणं मला धोक्याचं वाटतं.

एक

जेवण. उन्हात डुलकी.

अडीच

सीट वीस नंबरची, म्हणजे आतला व्यास ढोबळमानानं वीस मिलिमीटर. व्हर्नियरनं ब्लँक मोजला. सीटची मागची कड येईल तिथं १७.४, पुढच्या कडेपाशी १६.८. ब्लँक निमुळता असल्यामुळे सीट इंच-दोन इंच हलली तरी हे आकडे बदलतात. जागा पक्की झाल्याशिवाय पोकळी भरणारी कडी कापू नये ती याचसाठी. मी कठीण फोमच्या तयार कड्या वापरतो आणि सँडपेपर गुंडाळलेल्या सळईनं आतून घासत त्या ब्लँकवर घट्ट बसेपर्यंत नेतो. बरेच जण कागदी चिकटपट्टीचे वेढे देऊन पोकळी भरतात. गोड्या पाण्यातल्या हलक्या रॉडला ते चालतं. पण इथं रॉड खाऱ्या पाण्यात भिजतो. कडेनं पाणी शिरलं की कागद कुजतो आणि एक दिवस सीट हातात फिरायला लागते.

आता पंचवीस इंच नेमके कशापर्यंत? सीटच्या कडेपर्यंत नाही, मधोमध नाही. रीलच्या दांड्यापर्यंत, कारण बोटं त्याच्याच दोन्ही बाजूंना बसतात. रीलच्या पायाच्या मध्यावर दांडा असतोच असं नाही. काकांच्या रीलचा तर चांगलाच पुढे आहे. म्हणून त्यांचं रील ठेवूनच घेतलं होतं. ते सीटमध्ये आवळलं, सीट कोरडीच ब्लँकवर सरकवली, दांडा पेन्सिलीच्या खुणेवर आणला आणि मग सीटच्या मागच्या कडेला पट्टी लावली. गोंद लावताना हीच पट्टी बघायची. सीटची दिशाही सकाळीच काकांच्या हातात देऊन ठरवली. आवळायची चाकी मागे ठेवली तर करंगळीला आटे टोचतात म्हणाले, म्हणून सीट उलटी करून चाकी पुढे घेतली. सीट उलटल्यावर तिच्या कडा हलल्या, दांड्याची खूण जागची हलली नाही.

चार

गोंद दोन भागांचा इपॉक्सी, समसमान मोजून. उकाड्यात तो भराभर चढतो, म्हणून आधी सगळं हाताशी ठेवलं. ब्लँकची चकाकी सँडपेपरनं मारली, सीट आतून खरवडली, दोन्ही स्पिरिटनं पुसली. सीटच्या आट्यांवर पट्टी गुंडाळली, कारण आट्यात गेलेला गोंद निघत नाही.

मागची मूठ आधी, मग सीट, मग लांब मूठ, सगळं बारीक टोकाकडून. सीट फिरवत फिरवत खाली घ्यायची, म्हणजे गोंद आत सगळीकडे पसरतो, हवा कोंडत नाही. कडेनं आलेला गोंद फडक्यानं टिपला. रील चढवलं, ब्लँक डोळ्याशी धरला आणि शेंड्याकडून पाहिलं. रीलचा दांडा पांढऱ्या रेषेच्या केसभर डावीकडे होता. सीट हलकेच वळवली, पुन्हा पाहिलं, मग खिडकीकडे तोंड करून आणखी एकदा. गोंद ओला आहे तोवरच ही सवलत असते. ब्लँक कोपऱ्यात बुंध्यावर उभा केला, म्हणजे सीट मागच्या मुठीवर टेकून राहते, घसरत नाही.

सहा

रिंगांच्या जागा कागदावर मांडल्या. छापील तक्त्यांत शेंड्यापासूनची अंतरं दिलेली असतात आणि रील ठरावीक जागी आहे असं गृहीत धरलेलं असतं. आपलं रील पाच इंच मागे आलंय, तेव्हा बुंध्याकडच्या रिंगांना तो तक्ता लागू नाही. रीलच्या फिरकीच्या आसाची रेषा पुढे वाढवली तर ती जिथं ब्लँकला भिडते, तिथपर्यंत दोरीचा घेर आवळत आणायचा असतो. रील मागे आलं की हा बिंदूही मागे येतो. उद्या ताणलेल्या सुतळीनं तो प्रत्यक्ष काढीन, मग रिंगा पट्टीनं लावून पुन्हा भाट्यावर.

साडेसात

काकांचा फोन. शनिवारी उधाण आहे, रॉड मिळेल का? नाही म्हटलं. गोंदाला चोवीस तास हवेत, रिंगांचा दोरा गुंडाळायचाय, त्यावर दोन हात लेप चढायचाय. "मग पुढच्या उधाणाला," म्हणाले, आणि लगेच विचारलं, पुतण्यालाही असाच हवाय, त्याचं माप फोनवर सांगितलं तर चालेल का? त्याला ब्लँक काखेत धरायला इथंच पाठवा, असं सांगितलं. येत्या रविवारी सकाळी सातची वेळ दिलीय.