वहीपासून पोर्टलपर्यंत

दिवाळीच्या मुहूर्तावर नव्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक रेखून ‘शुभ’ आणि ‘लाभ’ लिहिण्याची रीत जैन पेढ्यांवर आजही श्रद्धेने पाळली जाते. पूर्वी कीर्द आणि खतावणी चोख असली की व्यापाऱ्याची पत शाबूत राही. आता त्या पतीची दुसरी साक्ष सरकारच्या संगणकात नोंदली जाते. महिन्याची २० तारीख जवळ आली की चौविहार आटोपून वडीलधारे सामायिकाला बसतात आणि घरातील मुलगा किंवा सून वस्तू व सेवा कराचे विवरणपत्र भरण्यासाठी संगणकापुढे बसते. पोर्टल सुरळीत चालले तर घर निश्चिंत होते. अडले तर दंडाची आणि व्याजाची चिंता रात्रभर पुरते. म्हणूनच सरकारी डिजिटल सेवा कशाने यशस्वी होते, हा प्रश्न व्यापारी कुटुंबांच्या दृष्टीने अगदी जिव्हाळ्याचा आहे.

वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी लागू झाला. मूळ योजनेत नियमित व्यापाऱ्याने दरमहा तीन विवरणपत्रे भरावीत आणि विक्रेत्याचे प्रत्येक बिल खरेदीदाराच्या नोंदीशी जुळावे, अशी अपेक्षा होती. कल्पना निर्दोष होती. परंतु एकाच वेळी लाखो पेढ्यांनी ती पेलावी, एवढी तयारी ना यंत्रणेची होती ना व्यापाऱ्यांची. अखेर नोव्हेंबर २०१७ मध्ये गुवाहाटी येथील जीएसटी परिषदेच्या बैठकीनंतर त्यांतील दोन विवरणपत्रे स्थगित झाली आणि तात्पुरते म्हणून आणलेले ‘जीएसटीआर-३बी’ हेच कायमचे होऊन बसले. नियम करणाऱ्याने आधी दुकानातील दिवस कसा जातो हे पाहावे, हा यातील पहिला धडा.

दुसरा धडा ई-वे बिलाने दिला. १ फेब्रुवारी २०१८ रोजी ही व्यवस्था देशभर सुरू होताच यंत्रणेवर असह्य भार पडला आणि त्याच दिवशी सक्ती पुढे ढकलावी लागली. नंतर मार्ग बदलला. १ एप्रिलपासून आंतरराज्य वाहतूक आणि पुढे राज्यांतर्गत वाहतूक, तीही काही काही राज्ये घेऊन, अशी टप्प्याटप्प्याने वाटचाल झाली. जून २०१८ पर्यंत सर्व राज्ये व्यवस्थेत आली. ई-इन्व्हॉइसच्या बाबतीत हा अनुभव उपयोगी पडला. ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींहून अधिक उलाढाल असणाऱ्यांपासून आरंभ झाला आणि ऑगस्ट २०२३ पर्यंत मर्यादा ५ कोटींवर आली. मोठ्यांच्या वापरात जे दोष उघड झाले, ते लहान व्यापाऱ्याच्या दारी पोहोचण्यापूर्वी दुरुस्त करायला अवधी मिळाला.

तिसरी गोष्ट आपल्या अपरिग्रहाच्या शिकवणीशी जुळणारी आहे. गरजेपेक्षा अधिक साठवू नये, हे तत्त्व माहितीलाही लागू पडते. ज्या महिन्यात व्यवहारच झाला नाही, त्याचे ‘निरंक’ विवरणपत्र साध्या मोबाइल संदेशाने भरण्याची सोय जून २०२० मध्ये झाली. जानेवारी २०२१ पासून ५ कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना कर दरमहा भरून विवरणपत्र तिमाहीने देण्याचा पर्याय मिळाला. लघुउद्योगांची ‘उद्यम’ नोंदणी तर कोणताही कागद न जोडता, स्वयंघोषणेवर होते. जेथे सरकारने मागणे कमी केले, तेथे व्यापाऱ्याचे पाऊल आपोआप वळले.

तथापि उत्तम यंत्रणाही कधी अडते. अशा वेळी जबाबदार कोण, हे ठरलेले असावे लागते. महाराष्ट्राच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवांना कालमर्यादा घातली आणि ती न पाळल्यास अपिलाचा अधिकार नागरिकाला दिला. ‘आपले सरकार’ पोर्टलवर मराठीतून करता येणाऱ्या अर्जाला खरे बळ या कायद्यामुळे येते. पडद्यामागे उत्तर देणारा माणूस नसेल, तर देखणे संकेतस्थळही बंद खिडकीसारखेच असते.

हे सारे सरकारच्या बाजूचे झाले. व्यापाऱ्याच्या बाजूचाही एक भाग आहे. जानेवारी २०२२ पासून, विक्रेत्याने बिल आपल्या विवरणपत्रात दाखवून ते खरेदीदाराच्या ‘जीएसटीआर-२बी’ मध्ये उतरल्याशिवाय कराची वजावट मिळत नाही. माल घेतला, करासह पूर्ण रक्कम चुकती केली, तरीही समोरच्याच्या आळसापायी तोच कर पुन्हा पदरचा भरण्याची वेळ प्रामाणिक माणसावर येते. नियम कठोर आहे. परंतु त्याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. आपण ११ तारखेच्या आत भरलेले विक्रीचे विवरणपत्र हे आपल्या ग्राहकाच्या हक्काचे रक्षण असते. आपली दिरंगाई दुसऱ्याच्या घरचा तोटा होऊ नये, ही दक्षता अचौर्याच्या व्रतापासून दूर नाही.

म्हणून प्रत्येक पेढीने काही साधे नियम पाळावेत. पासवर्ड आणि नोंदणीकृत मोबाइल क्रमांक सर्वस्वी सल्लागाराच्या हाती न सोपवता कुटुंबाच्या ताब्यात ठेवावा. मासिक विवरणपत्र भरणाऱ्यांनी १४ तारखेला तयार होणारी ‘२बी’ खरेदीच्या नोंदींशी ताडून पाहावी आणि राहिलेल्या बिलांसाठी विक्रेत्याला लगेच आठवण द्यावी. विवरणपत्र २० तारखेच्या रात्रीवर ठेवू नये. आणि हे काम तरुणांनी करताना शेजारी एखादी खुर्ची वडिलांसाठीही मांडावी. आकडे पडद्यावर आले असले, तरी कोणता आकडा खटकतो हे त्यांची नजर अजूनही आधी ओळखते.

वही बदलली आहे. तिच्या पहिल्या पानावर काढलेल्या स्वस्तिकाचा अर्थ मात्र तोच राहिला आहे.