कॅमेऱ्याची भूक आणि बॅटरीचा हंडा

सिनेमाच्या कॅमेऱ्याला बॅटरी कोणती घ्यायची, हे आज आपण समजून घेणार आहोत. विषय ऐकून काही जणी म्हणतील, हे आपलं काम नव्हे, शहरातल्या लोकांचं. पण शहापूर आणि मुरबाडच्या गावांत आता बाया आपल्या गावाची फिल्म आपणच करायची म्हणू लागल्या आहेत. कुणाला उन्हाळ्यातला टँकर दाखवायचा आहे, कुणाला म्हशाची जत्रा, कुणाला म्हाताऱ्या आजीच्या तोंडची लग्नाची गाणी जपून ठेवायची आहेत. मोबाईलवर पुष्कळ काम होतं. पण मोठ्या पडद्यावर दाखवायचं, कमी उजेडातलं टिपायचं, तर गट वर्गणी काढून मोठा कॅमेरा भाड्याने आणतो. आणि गावात आल्यावर पहिली अडचण येते ती बॅटरीची.

ही अडचण लहान नाही. मुंबईला पाणी देणारे तानसा आणि भातसा हे तलाव आपल्याच शहापूर तालुक्यात, आणि एप्रिल-मे महिन्यांत हंडे घेऊन टँकरची वाट पाहणारे पाडेही इथलेच. टँकर येतो तेव्हा विहिरीत पाणी ओततो आणि थोड्या वेळात निघून जातो. त्याच वेळी कॅमेरा बंद पडला तर टँकर थांबत नाही. आजीनेही मनातलं एकदा सांगितलं की तेच शब्द, तोच आवाज दुसऱ्यांदा मिळत नाही. ग्रामसभेत सरपंचांनी दिलेला शब्द टिपायचा राहिला, तर पुढे कुणाला काय दाखवणार?

शंभर वर्षांपूर्वी ही काळजी नव्हती. कसारा घाटापलीकडच्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून कॅमेरा घेऊन आले, तो हाताने मुठ्या फिरवून चालायचा. त्याला बॅटरी लागत नव्हती आणि चित्रणाला उजेड सूर्याचा होता. १९१३ साली मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवला गेला. त्यामागे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंचे कष्ट होते. कच्च्या फिल्मच्या कडेला भोकं पाडणं, फिल्म धुणं ही कामं त्यांनी शिकून घेतली आणि वर सगळ्यांचा स्वयंपाकही सांभाळला. म्हणजे सिनेमाच्या तंत्राला आपल्याकडच्या बाईचा हात पहिल्यापासून लागलेला आहे. अहमदाबादच्या ‘सेवा’ संस्थेत १९८४ साली व्हिडिओचं शिक्षण सुरू झालं, तेव्हा शिकणाऱ्यांत लिहितावाचता न येणाऱ्या बायाही होत्या. त्यामुळे आज चार आकडे येतील त्यांना घाबरू नका. वही-पेन जवळ घ्या.

भूक मोजायची कशी?

आपण पाण्याचा हिशेब रोज करतो, तसाच हा विजेचा हिशेब आहे. बॅटरी म्हणजे भरलेला हंडा. हंड्यात किती वीज मावते ते वॉट-तासांत मोजतात. बॅटरीच्या लेबलवर आकड्यापुढे इंग्रजीत डब्ल्यू-एच अशी दोन अक्षरं असतात, ती शोधा. कॅमेरा दर तासाला किती वीज पितो ते वॉटमध्ये सांगतात. हंड्यातल्या विजेला कॅमेऱ्याच्या भुकेने भागलं की किती तास चालेल ते कळतं.

लाइटबिलावरचं एक युनिट म्हणजे १००० वॉट-तास. मोठ्या कॅमेऱ्याची नेहमीची बॅटरी ९८ वॉट-तासांची असते. म्हणजे एका युनिटच्या दहाव्या भागाएवढी वीज. ती भरायला पैसे फारसे लागत नाहीत, महाग असते ती बॅटरी.

आता कॅमेऱ्यांची भूक बघू. सोनीचा एफएक्स ६ हा कॅमेरा एकटा साधारण १८ वॉट घेतो. ॲरी कंपनीचा ॲलेक्सा मिनी एलएफ, जो मोठ्या सिनेमांना वापरतात, तो साधारण ६५ वॉट घेतो. पण कॅमेरा कधी एकटा जेवत नाही. बघायचा पडदा, बिनतारी माइक, लेन्स फिरवणारी मोटर ही सगळी पाहुणे मंडळी त्याच हंड्यातून पितात. म्हणून प्रत्येक यंत्राचे वॉट लिहा आणि बेरीज करा.

उदाहरण घेऊ. लहान कॅमेरा आणि त्याची यंत्रं मिळून ३० वॉट झाले. टँकरच्या दिवशी कॅमेरा एकूण ५ तास चालू राहणार. ३० गुणिले ५ म्हणजे १५० वॉट-तास. बॅटरी जुनी झालेली असते, ऊन असतं, काम लांबतं, म्हणून वर पाचवा हिस्सा धरा, म्हणजे ३०. झाले १८०. तर ९८ च्या दोन बॅटऱ्या लागतील, आणि एक हाताशी जास्तीची. एकूण तीन.

मोठा कॅमेरा यंत्रांसह ९० वॉट झाला तर? ९० गुणिले ५ म्हणजे ४५०, वर पाचवा हिस्सा ९०, एकूण ५४०. म्हणजे सहा बॅटऱ्या, आणि एक जास्तीची. एक बॅटरी जेमतेम तासभर चालणार. कॅमेरा निवडतानाच हे कळलं तर गट विचार करेल की आपल्या कामाला एवढा मोठा कॅमेरा हवा आहे का. आमचं म्हणणं एवढंच, की कॅमेऱ्याचं नाव ऐकून भाडं ठरवू नका. आधी त्याची भूक विचारा.

एका गोष्टीत फसगत होते. बॅटरीवर कधी ‘एमएएच’ असा मोठा आकडा छापलेला असतो. त्यावरून तुलना करू नका. २०,००० एमएएच लिहिलेली पॉवर बँक ऐकायला मोठी वाटते, पण तिच्या आतल्या पेशी ३.७ व्होल्टच्या असतात, म्हणून ती ७४ वॉट-तासांचीच भरते. ६,६०० एमएएच लिहिलेली कॅमेऱ्याची बॅटरी १४.८ व्होल्टची असते, म्हणून ती ९८ ची. आकडा लहान, हंडा मोठा. लेबलवर वॉट-तास नसतील तर व्होल्टला एमएएचने गुणा आणि १००० ने भागा.

तोंड आणि बैठक

हंडा मोठा पण तोंड बारीक असेल तर पाणी हवं तेवढ्या जोराने येत नाही. बॅटरीचंही तसंच. एका वेळी ती किती जोराने वीज देऊ शकते, हे अँपिअरमध्ये लिहिलेलं असतं. १४.८ व्होल्टची बॅटरी १० अँपिअर देत असेल तर १४८ वॉटपर्यंतची भूक भागते. स्वस्तातली बॅटरी कधी याच्या निम्मंच देते. मग हंडा अर्धा भरलेला असतानाही कॅमेरा मध्येच बंद पडतो आणि चालू असलेलं चित्रण खराब होऊ शकतं.

दुसरी गोष्ट बैठकीची. मोठ्या कॅमेऱ्याच्या पाठीवर बॅटरी अडकवायची पट्टी असते. एकीचा आकार इंग्रजी व्ही अक्षरासारखा, तिला व्ही-माउंट म्हणतात. दुसरीला तीन खुंट्या असतात, ती गोल्ड माउंट. एकीची बॅटरी दुसरीवर बसत नाही. ॲरीच्या ॲलेक्सा ३५ सारख्या नव्या कॅमेऱ्याला तर २४ व्होल्टची वेगळीच बॅटरी लागते. म्हणून भाड्याने आणताना दुकानातच बॅटरी लावून, कॅमेरा चालू करून बघा. चार्जरही त्याच जातीचा आहे ना, तेही बघा.

लहान सिनेमा कॅमेऱ्यांत फोटोच्या कॅमेऱ्यासारखी छोटी बॅटरी पोटात बसते. ब्लॅकमॅजिकच्या पॉकेट ४के मध्ये ती साधारण १४ वॉट-तासांची असते आणि कॅमेऱ्याची भूक २० वॉटच्या आसपास. म्हणजे पाऊण तासही धड चालत नाही. अशा कॅमेऱ्याला वायरने बाहेरची मोठी बॅटरी जोडता येते. ती तिकाटण्याला बांधली की पुष्कळ वेळ निभतो.

वजनाचाही विचार करा. ९८ ची एक बॅटरी अर्धा ते पाऊण किलोची असते. माहुलीच्या पायथ्याशी किंवा माळशेजखालच्या पाड्यांवर चालत जायचं असेल, तर एका जड बॅटरीपेक्षा दोन हलक्या बऱ्या. एक बिघडली तरी काम थांबत नाही.

भरायची कुठे?

९८ ची बॅटरी साध्या चार्जरवर भरायला साधारण तीन-चार तास लागतात. दोन खणांचा चार्जर असेल तर सहा बॅटऱ्यांना सगळी रात्र जाईल, आणि रात्री लाइट गेली तर सकाळी हंडे रिकामे. म्हणून आदल्या दिवशी दुपारपासूनच भरायला लावा. घरात १५० अँपिअर-तासांचा इन्व्हर्टर असेल तर तीन-चार बॅटऱ्या त्यावर भरतात. जीपमधून भरणारा चार्जरही मिळतो, पण गाडीचं इंजिन चालू ठेवून भरा, नाहीतर गाडीचीच बॅटरी उतरेल.

अंगणवाडीत किंवा पंचायतीच्या खोलीत बसून मुलाखत घ्यायची असेल तर कॅमेरा सरळ विजेवर चालवा आणि बॅटऱ्या बाहेरच्या कामाला राखून ठेवा. मोठ्या कॅमेऱ्यांवर विजेबरोबर बॅटरीही लावून ठेवता येते, लाइट गेली तरी चित्रण चालू राहतं. असं होतं का, ते दुकानदाराला करून दाखवायला सांगा. जनरेटर लावायचा तर लांब ठेवा, नाहीतर आजीच्या बोलण्यात त्याचीच घरघर ऐकू येईल.

सगळ्या बॅटऱ्यांवर एक, दोन, तीन असे नंबर चिकटवा. भरलेली एका पिशवीत, रिकामी दुसऱ्या पिशवीत. हे काम एकाच बाईकडे द्या. तिच्याकडे दुसरं काही देऊ नका.

ऊन, पाऊस आणि जपणूक

या बॅटऱ्या लिथियमच्या असतात. ४५ अंशांच्या वर तापलेली बॅटरी भरू नये. उन्हात उभ्या गाडीत काचा लावून तर ती कधीच ठेवू नका. सावलीत, कोरड्या सुती कापडात ठेवा. गार करायला ओलं फडकं गुंडाळू नका. उन्हातून आणलेली बॅटरी निवल्यावरच चार्जरला लावा.

आपल्याकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. पावसाळ्यात काम नसेल तर बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवू नका. निम्म्यावर आणून, कोरड्या डब्यात ठेवा आणि महिन्या-दोन महिन्यांनी बघा. अशी जपली तर ती साधारण ३०० ते ५०० वेळा भरेपर्यंत चांगली साथ देते. पुढे हंडा हळूहळू लहान होत जातो.

पिशवीत बॅटरीबरोबर किल्ल्या, सुट्टे पैसे, सेफ्टी पिना ठेवू नका. दोन टोकं जोडली गेली की ठिणगी पडते. बॅटरी फुगली, वास आला, हाताला चटका बसला, तर वापर तिथेच थांबवा. ती दाबायची नाही, फोडायची नाही, चुलीत किंवा उकिरड्यावर टाकायची नाही. टोकांवर चिकटपट्टी लावून विकणाऱ्याकडे परत द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर आहे.

गटाचे पैसे

वर्षातून दोन-तीन दिवसांचंच काम असेल तर बॅटऱ्या विकत घेऊ नका, कॅमेऱ्याबरोबर भाड्याने घ्या. गटाचा स्वतःचा कॅमेरा असेल, महिन्याला काम असेल, तरच विकत घ्या. घेताना बिल आणि वॉरंटी मागा. बॅटरीवर भारतीय मानक ब्यूरोची खूण, आयएस १६०४६ हा क्रमांक आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे ना, ते बघा. वापरलेली बॅटरी स्वस्तात मिळत असेल, तर पूर्ण भरून कॅमेऱ्याला लावा आणि घड्याळ बघा. जेवढी चालेल तेवढीच तिची खरी किंमत.

फिल्म दाखवायला विमानाने जायचा योग आला, तर सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेत न्यायच्या, सामानात टाकायच्या नाहीत. १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटरीला विमान कंपनीची वेगळी परवानगी लागत नाही. बाजारात ९८ ची बॅटरी एवढी का चालते, ते यावरून कळेल.

तर मैत्रिणींनो, कॅमेरा आणायच्या आधीच्या बैठकीत पाच प्रश्न वहीत लिहा. सगळ्या यंत्रांची मिळून भूक किती वॉट? कॅमेरा किती तास चालू राहणार? पाचवा हिस्सा धरून किती वॉट-तास लागतील? बैठक आणि अँपिअर जुळतात का? बॅटऱ्या कुठे आणि कधी भरणार? ही पाच उत्तरं वहीत आली की मगच भाड्याचे पैसे द्या. टँकर कधी येईल ते आपल्या हातात नाही. तो येईल तेव्हा कॅमेरा चालू असणं मात्र आपल्या हातात आहे.