निरोपाचा पंधरवडा

फेब्रुवारी १८१२. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, ब्रॅडफर्ड गावी ५ तारखेला अ‍ॅन हॅसेल्टाइनचं लग्न अडोनायरम जडसनशी लागलं. दुसऱ्याच दिवशी सेलमच्या टॅबरनॅकल चर्चमध्ये जडसन आणि त्याच्या चार सोबत्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. ९ तारखेला नदीपलीकडच्या हेव्हरिलमध्ये हॅरिएट अ‍ॅटवुड आणि सॅम्युएल न्यूअल विवाहबद्ध झाले. १९ तारखेला ही दोन्ही जोडपी ‘कॅरव्हॅन’ या शिडाच्या जहाजाने सेलमहून कोलकात्याकडे निघाली. अ‍ॅन बावीस वर्षांची होती, हॅरिएट अठरा. गॉर्डन हॉल, ल्यूथर राइस, सॅम्युएल नॉट आणि त्याची नवपरिणीत पत्नी रॉक्साना त्याच महिन्यात फिलाडेल्फियाहून ‘हार्मनी’ जहाजाने रवाना झाले.

‘अमेरिकन बोर्ड’ या मिशनरी संस्थेने परदेशी धाडलेली ही पहिलीच तुकडी. हॉल आणि नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला पोचले आणि अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात झाली. आपल्याकडे या मंडळींची गोष्ट साधारणपणे तिथून सांगतात. पण मला त्याआधीचा तो पंधरवडा जास्त सांगण्यासारखा वाटतो. ज्यांना परत यायचंच नाही असं गृहीत धरून निघायचं आहे, ती माणसं तयारी करतात म्हणजे नेमकं काय करतात, हे त्यात दिसतं.

अगदी जानेवारीपर्यंत ही माणसं जातील की नाही, याचीच खात्री नव्हती. बोर्ड स्थापन झालं १८१० मध्ये, पण त्याच्याकडे पैसा नव्हता. सेलमच्या श्रीमती नॉरिस यांनी मृत्युपत्रात तीस हजार डॉलर ठेवले होते, तेही कोर्टकज्ज्यात अडकलेले. १८११ मध्ये बोर्डाने जडसनला लंडन मिशनरी सोसायटीकडे मदतीसाठी पाठवलं. वाटेत फ्रेंच लुटारू जहाजाने त्याचं जहाज पकडलं आणि तो बायोनच्या तुरुंगात जाऊन पडला. तिथून सुटून लंडनला पोचला, तरी निम्मा खर्च उचलण्याची बोलणी फिसकटली. मग जहाजं सुटणार हे कळल्यावर बोर्डाने धीर केला. हाताशी जेमतेम बाराशे डॉलर असताना या तरुणांना पाठवायचं ठरवलं आणि गावोगावच्या मंडळ्यांकडे हात पसरला. तीन आठवड्यांत सहा हजारांहून जास्त डॉलर जमले. राइसला तर आपल्या खर्चाची तजवीज स्वतःच, तीही काही दिवसांत, करावी लागली. त्याचं जिच्याशी लग्न ठरलं होतं, तिने परदेशी यायला नकार दिला होता. तो एकटाच निघाला.

पगार ठरले तेही सांगतो. विवाहित मिशनऱ्याला वर्षाला सुमारे ६६६ डॉलर, अविवाहिताला ४४४. बायकोच्या वाट्याला हिशेबात आला तो एवढाच फरक. तिच्या नावे स्वतंत्र नेमणूक नाही, दीक्षा नाही. आणि तरी या पंधरवड्यातलं सगळ्यांत कठीण काम बायकांच्याच वाट्याला आलं होतं, असं माझं ठाम मत आहे.

कारण पुरुषांना पाचारण झालं होतं. ते स्वतः पुढे झाले होते, सेमिनरीत वर्षानुवर्षं याच गोष्टीचा ध्यास घेऊन बसले होते. अ‍ॅन आणि हॅरिएटला मात्र एका मागणीचं उत्तर द्यायचं होतं, आणि त्या एका उत्तरात लग्न, देश, आईवडील आणि बहुधा मरणही बांधलेलं होतं. जडसनने अ‍ॅनच्या वडिलांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. त्यात मुलीचा हात मागताना त्याने काहीही झाकलेलं नाही: या जन्मी ती पुन्हा दिसणार नाही, समुद्राचे धोके आहेत, भारताचं हवामान जिवावर बेतू शकतं, हालअपेष्टा होतील, कदाचित हिंसक मृत्यूही येईल, याला तुमची संमती आहे का? असं पत्र हातात पडलेल्या बापाची मला कल्पनाही करवत नाही. हॅसेल्टाइन दांपत्याने निर्णय अ‍ॅनवर सोडला. गावात कुजबुज होतीच. आपली मुलगी असती तर तिला पलंगाच्या खांबाला बांधून ठेवलं असतं, असं एक गृहस्थ म्हणाल्याची गोष्ट सांगतात. हॅरिएटचे वडील १८०८ मध्येच वारले होते. विधवा आई नाही म्हणेल आणि प्रश्न आपोआप मिटेल, असं त्या पोरीला कुठेतरी वाटत होतं. आईने अडवलं नाही. निर्णय पुन्हा हॅरिएटकडेच आला.

ज्ञानाची शिदोरी मात्र फार थोडी होती. हॉल आणि न्यूअल यांनी फिलाडेल्फियात त्या हिवाळ्यात वैद्यकाची व्याख्यानं ऐकली, हे शहाणपणाचं. पण भाषा कुणालाच येत नव्हती. कुठे वसायचं हेही पक्कं नव्हतं. ब्रह्मदेशाचा विचार होता, पण अखेरचा निर्णय बोर्डाने त्यांच्यावर सोपवला. ईस्ट इंडिया कंपनी उतरू देईल की नाही, याची हमी नव्हती. ज्यांच्याकडे जायचं त्या लोकांबद्दल त्यांच्या मनात करुणा होती, ओळख मुळीच नव्हती. ही उणीव मोठी होती आणि तिची किंमत पुढे त्यांनीच मोजली.

अ‍ॅनच्या लग्नाच्याच दिवशी हेव्हरिलमध्ये रेव्हरंड जोनाथन अ‍ॅलन यांनी निरोपाचं प्रवचन केलं आणि त्यात या दोन मुलींशी थेट बोलले. जिथे पुरुष उपदेशकाला प्रवेश नाही, त्या अंतःपुरातल्या बायकांपर्यंत तुम्हीच पोचाल, त्यांना शिकवणं हे तुमचं काम, असा त्यांचा रोख होता. बोर्डाच्या हिशेबात नसलेलं काम इथे प्रथम उघडपणे उच्चारलं गेलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. जूनमध्ये ‘कॅरव्हॅन’ बंगालमध्ये पोचलं आणि कंपनी सरकारने लगेच परत जायचा हुकूम काढला. न्यूअल दांपत्य मॉरिशसकडे निघालं. वाटेत समुद्रातच हॅरिएट बाळंत झाली, बाळ गेलं, आणि ३० नोव्हेंबर १८१२ रोजी तीही गेली. वय एकोणीस. जडसन दांपत्य ब्रह्मदेशात स्थिरावलं. सॅम्युएल न्यूअल १८१४ मध्ये एकटाच मुंबईला येऊन हॉलला मिळाला आणि १८२१ मध्ये तिथेच पटकीने वारला. हॉललाही १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात पटकीनेच गाठलं.

हॅरिएटचं चरित्र आणि रोजनिशी अमेरिकेत घरोघर वाचली गेली, आणि पुढची अनेक वर्षं मिशनकार्यासाठी घर सोडणाऱ्या तरुणींच्या मनात तिचं नाव होतं. १८२७ मध्ये सिंथिया फरार मुंबईत आल्या, त्या अविवाहित होत्या. बोर्डाच्या यादीत त्यांचं नाव कुणाची पत्नी म्हणून नव्हतं. मुलींच्या शाळांवर देखरेख करण्यासाठी त्यांना मुद्दाम पाठवलं होतं. १८३९ मध्ये त्या अहमदनगरला गेल्या. पुण्यात १८४८ मध्ये मुलींची शाळा काढण्याआधी जोतीराव फुले यांनी ज्या शाळा पाहिल्या, त्या नगरच्या मिस फरार यांच्याच होत्या.