सीपीयू शंभर टक्के भरला, म्हणून घाबरायचं का?

जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून पोरं पुण्यातल्या आयटी कंपन्यांत लागतात आणि प्रशिक्षण संपल्यावर त्यांतल्या काहींच्या वाट्याला मेनफ्रेम येतो. घरी फोन जातो तेव्हा आवाज पडलेला असतो. मित्रांना क्लाउड मिळालं, एआय मिळालं आणि मला आजोबांच्या काळातलं यंत्र! त्यातून ‘परफॉर्मन्स अँड कपॅसिटी’ची टीम मिळाली, तर काम नेमकं काय हे घरच्यांना सांगता येत नाही आणि पहिले काही महिने त्याचं त्यालाही उमगत नाही. रात्रपाळीत अमेरिकेतल्या एखाद्या बँकेच्या यंत्राचे आकडे पडद्यावर सरकत असतात. शेजारचा सीनियर सांगतो, लाल झालं की कळव.

या ‘लाल झालं की कळव’नं फार नुकसान केलं आहे. मॉनिटर म्हणजे धोक्याचा दिवा, दिवा महागडा घेतला की काम भागलं, अशी समजूत त्यातून पक्की होते. कुणाचं काम किती वेळात व्हायला हवं हे आधी ठरवलं नसेल, तर जगातलं कुठलंही मॉनिटरिंग सॉफ्टवेअर काही सांगू शकत नाही.

‘मेनफ्रेम कधीच संपला’ हा गैरसमज आधी निकालात काढू. आयबीएमने सिस्टिम/३६० जाहीर केली ७ एप्रिल १९६४ रोजी. त्याच घराण्यातलं झेड१६ हे यंत्र २०२२ मध्ये आलं आणि झेड१७ २०२५ मध्ये. जुने आहेत ते त्यावर चालणारे काही कोबोल प्रोग्राम. यंत्र, प्रोसेसर, झेड/ओएस ही कार्यप्रणाली, सगळं आजचं आहे. आपल्याकडे ते दिसत नाही, कारण भारतीय बँकांच्या कोअर बँकिंगचा मोठा भाग युनिक्स आणि लिनक्सच्या सर्व्हरवर उभा राहिला. पुण्यात बसलेला खान्देशी मुलगा सांभाळतो ती यंत्रं बहुधा परदेशातल्या बँकांची आणि विमा कंपन्यांची असतात.

आता मुख्य मुद्द्याकडे. पडद्यावर सीपीयू १०० टक्के दिसला की नवा माणूस दचकतो. त्याची चूक नाही. लहान सर्व्हर सांभाळणाऱ्यांना शिकवलेलंच असतं की सत्तर-ऐंशी टक्क्यांच्या वर गेलं की रांग वाढते आणि प्रतिसाद मंदावतो. झेड/ओएसवर मात्र वर्कलोड मॅनेजर, म्हणजे डब्ल्यूएलएम, बसलेला असतो. १९९४ पासून तो ध्येय पाहून काम वाटतो. कुठलं काम महत्त्वाचं, हे त्याला एक ते पाच या क्रमाने सांगून ठेवलेलं असतं. ज्यांना घाई नाही अशी कामं ‘डिस्क्रिशनरी’ वर्गात जातात आणि उरलेल्या वेळेवर जगतात. एटीएमचे व्यवहार वेळेत होत आहेत आणि राहिलेला प्रोसेसर एखादा अहवाल छापण्याचं काम खात आहे, असं असेल तर १०० टक्के म्हणजे विकत घेतलेलं यंत्र पुरेपूर वापरलं जातंय. उलट यंत्र ६५ टक्क्यांवर असताना ग्राहक खोळंबलेले असू शकतात.

म्हणून पहिली नजर टाकायची ती परफॉर्मन्स इंडेक्सवर, ज्याला सगळे पीआय म्हणतात. समजा, ऑनलाइन व्यवहारांच्या वर्गाला ध्येय दिलंय की ९० टक्के व्यवहार अर्ध्या सेकंदात व्हावेत. प्रत्यक्षात ९० टक्के व्यवहार पुरे व्हायला ०.७ सेकंद लागत असतील, तर पीआय १.४. एकाच्या वर गेला म्हणजे ध्येय हुकलं; एक किंवा त्याखाली असला तर सीपीयूचा आकडा काहीही असो, ग्राहकाला त्रास नाही. बॅचच्या, म्हणजे गठ्ठ्याने चालणाऱ्या, कामांना बहुधा ‘व्हेलॉसिटी’चं ध्येय देतात. काम प्रत्यक्ष चालू असल्याचे नमुने भागिले चालू असल्याचे आणि खोळंबल्याचे मिळून सगळे नमुने, गुणिले शंभर. ध्येय ५० आणि हाती ४० आले, तर पीआय १.२५. पीआय वाईट दिसला की मग दुसरा पडदा उघडायचा, खोळंब्याचा. काम प्रोसेसरसाठी थांबलंय, डिस्कसाठी, मेमरीसाठी, दुसऱ्या कुणी धरून ठेवलेल्या लॉकसाठी, की वापरावर घातलेल्या मर्यादेमुळे, म्हणजे कॅपिंगमुळे? हा क्रम हाताला लागला की निम्मा परफॉर्मन्स अॅनालिस्ट तयार झाला असं मी मानतो.

सरासरीवर विश्वास ठेवणं ही दुसरी मोठी अडचण. आयबीएमच्या आरएमएफचा (रिसोर्स मेझरमेंट फॅसिलिटी) पहिला मॉनिटर बहुतेक ठिकाणी पंधरा मिनिटांच्या टप्प्यांत आकडे लिहितो. ते काय लपवतं, हे जळगाव स्टेशनवर तत्काळच्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला चटकन कळेल. वातानुकूलित डब्यांचं तत्काळ दहा वाजता उघडतं, बाकीचं अकराला, आणि खरी झुंबड पहिल्या दोनेक मिनिटांची असते. एखादं यंत्र त्या दोन मिनिटांत पूर्ण १०० टक्के आणि पुढची तेरा मिनिटं ५० टक्के चाललं, तर पंधरा मिनिटांची सरासरी येते ५७ टक्के. अहवाल वाचणारा म्हणेल, यंत्राला पुष्कळ वाव आहे. खिडकीवरचा माणूस तोवर तिकीट न मिळताच परत फिरलेला असतो. आरएमएफचाच तिसरा मॉनिटर सहसा दर सेकंदाला नमुने घेतो आणि साधारण शंभर सेकंदांचा तुकडा दाखवतो. झुंबड शोधायची तर तिथे, वर्षभराची वाढ मोजायची तर पहिल्यात. एकाच्या जागी दुसरा वापरला की निष्कर्ष चुकतो.

जाता जाता: रेल्वे आरक्षण मेनफ्रेमवर चालतं, असं आपल्याकडे बरेच जण सांगतात. रेल्वेच्या क्रिस या संस्थेने घडवलेली कॉन्सर्ट ही प्रणाली ओपनव्हीएमएस कार्यप्रणालीच्या संगणकांवर उभी राहिली. ते यंत्रांचं वेगळं कुळ आहे. मोजण्याचं तत्त्व मात्र दोन्हीकडे तेच.

आता कॅपिंग. यावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात महागडे चुकीचे निर्णय इथे होतात. मेनफ्रेमच्या सॉफ्टवेअरचं भाडं एमएसयू या मापात मोजतात. सब-कपॅसिटी करारात महिन्यातला सर्वांत वरचा ‘चार तासांच्या सरकत्या सरासरी’चा आकडा धरून बिल निघतं. तो आकडा ग्राहकाने सादर केलेल्या अहवालातून येतो आणि त्या अहवालाचा महिना २ तारखेपासून पुढच्या महिन्याच्या १ तारखेपर्यंत असतो. बिल आवरायला ग्राहक प्रत्येक एलपारवर, म्हणजे यंत्राच्या प्रत्येक तार्किक विभागावर, मर्यादा घालतात. समजा मर्यादा ४०० एमएसयूची आहे. रात्रीची बॅच लांबली आणि पहाटे चार ते आठ या वेळात सरासरी ४०० च्या वर गेली. आठ वाजता शाखा उघडतात, कर्मचारी कामाला लागतात, आणि नेमका त्याच वेळी डब्ल्यूएलएम त्या एलपारला प्रोसेसर देताना हात आखडता घेतो. यंत्रात प्रोसेसर रिकामे आहेत, तरी या एलपारला ते मिळत नाहीत. पडद्यावर अख्ख्या यंत्राचा वापर ६० टक्के. मॉनिटर हिरवा. तक्रारी मात्र येतच राहतात.

अशा वेळी बैठकीत कुणीतरी मोठं यंत्र घ्यायचं सुचवतो, कुणी नवं मॉनिटरिंग सॉफ्टवेअर. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! खोळंब्याच्या पडद्यावर ‘कॅपिंग’चा रकाना पाहिला असता तर पाच मिनिटांत कळलं असतं की उपाय बॅचच्या वेळापत्रकात आहे, किंवा मर्यादा किती ठेवायची या पैशाच्या निर्णयात. शिवाय २०१९ मध्ये आयबीएमने टेलर्ड फिट प्रायसिंग आणलं. त्यातल्या वापराधारित करारात शिखरापेक्षा एकूण वापर मोजला जातो, मग शिखर दाबत बसण्याला पूर्वीइतका अर्थ उरत नाही. म्हणून ग्राहकाचा करार कोणता आहे हे न विचारता ‘पीक कमी करा’ असा सल्ला देऊ नये. हे वाक्य मी तरुण सहकाऱ्यांना पुन्हा पुन्हा सांगतो.

सॉफ्टवेअर निवडताना ‘महागडं ते जास्त पाहतं’ असं धरून चालतात. बाजारातली मोठी नावं मोजकीच. ओमेगामॉन मूळ कँडल कंपनीचं, २००४ मध्ये ते आयबीएमकडे आलं. मेनव्ह्यू बूल अँड बॅबेज या १९६७ साली सुरू झालेल्या कंपनीचं. १९९९ मध्ये ती कंपनी बीएमसीने घेतली, आणि त्या बीएमसीचं मोठं विकासकेंद्र आपल्या पुण्यात आहे. सिसव्ह्यू सीए या कंपनीचं, २०१८ पासून ब्रॉडकॉमकडे. या सगळ्यांचा कच्चा माल जवळजवळ एकच: यंत्राच्या स्मृतीतली नियंत्रण-कोष्टकं आणि एसएमएफच्या (सिस्टिम मॅनेजमेंट फॅसिलिटीज) नोंदी, म्हणजे झेड/ओएस स्वतः लिहून ठेवते त्या. ७० ते ७९ क्रमांकाच्या नोंदी आरएमएफच्या, किंवा त्याच्या जागी वापरल्या जाणाऱ्या बीएमसीच्या सीएमएफच्या. ३० क्रमांकाची नोंद प्रत्येक जॉबची, ११० सीआयसीएस या व्यवहार-प्रणालीची, १०१ डीबी२ या डेटाबेसच्या हिशेबाची. जी गोष्ट नोंदवलीच जात नाही, ती कुठलाही रंगीत डॅशबोर्ड दाखवणार नाही. ग्राफानावर काढलेला सुंदर आलेखसुद्धा अखेर याच नोंदींचा.

मग फरक कशात पडतो? सीआयसीएसमधून डीबी२त आणि तिथून एमक्यूच्या संदेश-रांगेत गेलेला एकच व्यवहार सलग दाखवता येतो का. मागच्या महिनाअखेरची रात्र आज पाहता येते का. झेड/ओएसची नवी आवृत्ती आली की त्याच दिवशी आधार मिळतो का. यंत्राची क्षमता वाढली की परवान्याचं भाडंही वाढतं का. हे करारात बारीक अक्षरांत असतं आणि दोन वर्षांनी अंगावर येतं. विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकात त्याचं यंत्र नेहमी शहाण्यासारखंच वागतं. त्याला तुमची सर्वांत वाईट रात्र द्या, त्या रात्रीच्या नोंदी द्या, आणि कारण शोधून दाखवायला सांगा.

‘पाहायला काय पैसे पडतात?’ असंही विचारलं जातं. पडतात. मॉनिटर हाही यंत्रावर चालणारा प्रोग्रामच, आणि त्याचा प्रोसेसर त्याच एमएसयूत मोजला जातो. काही उत्पादनं आपल्या कामाचा भाग झिप या खास प्रोसेसरवर ढकलतात, त्याचा भार सॉफ्टवेअरच्या बिलात धरत नाहीत. किती भाग ढकलला जातो हे विचारून घ्यावं. डीबी२चे हिशेबाचे हलके ट्रेस सतत चालू ठेवता येतात, पण तपशीलवार परफॉर्मन्स ट्रेस दिवसभर उघडा ठेवला तर नाकापेक्षा मोती जड होतो. तपासणं सोपं आहे: ३० क्रमांकाच्या नोंदीत मॉनिटरच्या स्वतःच्या जॉबने किती प्रोसेसर खाल्ला ते लिहिलेलं असतं. पण खर्च वाचवायला कुणी मॉनिटरची प्राथमिकताच खाली आणतं, आणि ते चुकीचं आहे. यंत्र खरोखर गळ्यापर्यंत भरतं त्या क्षणी असा मॉनिटर उपाशी राहतो आणि आपल्याला नेमक्या त्या वेळचेच आकडे मिळत नाहीत. आरएमएफला सिसएसटीसी या वरच्या वर्गात ठेवतात ते याचसाठी.

इशाऱ्यांबद्दल थोडक्यात. उत्पादनासोबत आलेल्या मर्यादा तशाच ठेवल्या तर रात्रीतून शेकडो इशारे येतात आणि पाळीवरचा माणूस ते न वाचता पुसायला शिकतो. मर्यादा तुलनेतून ठरवावी, सोमवारची सोमवारशी, महिनाअखेरची महिनाअखेरशी. एआय हे आपोआप करेल हाही अर्धवट समज आहे. ते मागचं पाहून शिकतं. उद्या नवा ग्राहकवर्ग यंत्रावर येणार आहे, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

पुण्यात बसणाऱ्याने तुलना करताना एक गोष्ट हमखास तपासावी. एसएमएफच्या नोंदीवरची वेळ त्या यंत्राची स्थानिक वेळ असते. न्यूयॉर्कची वेळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, नोव्हेंबरपासून साडेदहा तास. भारतीय वेळेत आखलेला आलेख नोव्हेंबरात एका रात्रीत तासभर सरकतो, सकाळची गर्दी ‘नव्या जागी’ दिसू लागते आणि कुणीतरी त्यावर तपासाचं तिकीट उघडतो.

राहिला तो गैरसमज मुलांना घरी बसवून ठेवणारा: नोकरी लागल्याशिवाय हे शिकता येत नाही. आयबीएम झेड एक्सप्लोरवर फुकट नोंदणी करता येते आणि खऱ्या झेड/ओएसवर जेसीएल या जॉब चालवायच्या भाषेत लिहून जॉब सोडता येतो. जळगावजवळच्या बांभोरीच्या वसतिगृहातून, धुळ्यातल्या देवपूरच्या खोलीतून, जिथे इंटरनेट आहे तिथून. हर्क्युलिस हे अनुकरण-सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपवर बसतं आणि त्यावर एमव्हीएस ३.८जे ही जुनी प्रणाली चालते. आरएमएफची आणि एसएमएफची पुस्तकं आयबीएमच्या संकेतस्थळावर पीडीएफ रूपात मोकळी आहेत. एसएमएफच्या पुस्तकातलं ३० क्रमांकाच्या नोंदीचं प्रकरण आधी काढा. जॉब कधी सुरू झाला, कधी संपला, प्रोसेसर किती लागला, हे रकाने शोधा, आणि संपल्याच्या वेळेतून सुरू झाल्याची वेळ वजा करून त्यातला किती वेळ प्रोसेसरवर गेला ते मांडून पाहा. बाकीचा वेळ काम कशासाठी थांबलं होतं, या प्रश्नाचं उत्तर ७२ क्रमांकाच्या नोंदीत सापडायला लागतं.