हवेच्या रोधाचे सुकाणू

विजयदुर्ग किल्ल्यावरील ‘साहेबाचे ओटे’ १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची स्थानिक आठवण जपून आहेत. त्या दिवशी भारतातून ग्रहण पाहणाऱ्या शास्त्रज्ञांना सूर्याच्या वर्णपटात दिसलेली पिवळी रेषा पुढे हेलियम या नव्या मूलद्रव्याची ठरली. हा वायू पृथ्वीच्या वातावरणाच्या अत्यंत विरळ अशा वरच्या थरांतही आहे. सुमारे ५०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांना ऑक्सिजनच्या सुट्या अणूंबरोबर त्याचाही अल्पसा रोध होतो. हा रोध उपग्रहांचे आयुष्य घटवितो; तथापि त्याचाच सुकाणूप्रमाणे उपयोग करून घेता येतो.

१५ फेब्रुवारी २०१७ रोजी श्रीहरिकोटा येथून भारताच्या पीएसएलव्ही-सी३७ या अग्निबाणाने एकाच वेळी १०४ उपग्रह अवकाशात सोडले. त्यांपैकी ८८ ‘डव्ह’ उपग्रह पृथ्वीची छायाचित्रे घेण्यासाठी होते. भूपृष्ठाचा कोणताही पट्टा सुटू नये म्हणून ते कक्षेत ठराविक अंतरावर, रांगेने फिरणे आवश्यक होते. मात्र कक्षा बदलण्यासाठी त्यांच्यात इंजिन नव्हते.

अशा वेळी एक उपग्रह आपले सौर पंख प्रवासाच्या दिशेला आडवे धरतो, तर दुसरा पंखांची कड पुढे करतो. साहजिकच पहिल्यास अधिक रोध होतो. खाडीत वल्हे आडवे धरले की होडी मागे पडते. अवकाशात मात्र उलट घडते. रोधामुळे उपग्रह किंचित खाली उतरतो. खालची कक्षा लहान व तेथील वेग अधिक, म्हणून तो पुढे जातो. हवे तेवढे अंतर पडताच तो पंखांची कड पुढे करतो आणि दुसरा आपले पंख आडवे धरून त्याच्याच उंचीवर येतो. रांग साधते.

हे सुकाणू फुकटचे नव्हे. गमावलेली उंची इंजिनावाचून परत मिळत नाही. शिवाय सूर्य प्रक्षुब्ध झाला की वातावरण तापून फुगते व रोध वाढतो. फेब्रुवारी २०२२ मधील भूचुंबकीय वादळात नुकत्याच सोडलेल्या ४९ ‘स्टारलिंक’ उपग्रहांपैकी बहुसंख्य नष्ट झाले. म्हणूनच उपग्रहांची रांग राखू इच्छिणाऱ्यांना सूर्याचे निरीक्षण अखंड चालू ठेवावे लागते. १८६८ मध्ये ग्रहणाच्या काही मिनिटांत झालेले सूर्याचे निरीक्षण केवळ ज्ञानासाठी होते; आज त्यावर उपग्रहांचे आयुष्यही अवलंबून आहे.