आळ जिभेवर

मूल बोलेना किंवा बोलताना अडखळू लागलं, की आपल्याकडे पहिला आळ जिभेवर येतो. "जीभ जड आहे" म्हणत वेखंड उगाळून मधातून चाटवलं जातं. कुणी जिभेखालचा पडदा कापून आणा, असं सुचवतं. पण बोलण्यात जिभेची पाळी येते ती अगदी शेवटी. त्याआधी कानांनी ऐकावं लागतं, मेंदूत वाक्य जुळावं लागतं, फुप्फुसातल्या हवेनं स्वरयंत्रात आवाज उमटावा लागतो. बिघाड यांपैकी कुठेही असू शकतो. (मधाबद्दल एक सांगून ठेवते: वर्षाच्या आतल्या बाळाला तो देऊच नये. त्यातल्या बीजाणूंमुळे बोटुलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.)

"याचे बाबाही उशिराच बोलले होते." या एका वाक्यानं जितकी मुलं मागे पडतात, तितकी क्वचितच दुसऱ्या कशानं पडत असतील. उशिरा बोलणं काही घराण्यांत असतं, हे खरं. पण दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर सर्वांत आधी त्याचे कान तपासायला हवेत. "ताट वाजवलं की दचकतो की!" असं घरचे सांगतात. ताटाचा आवाज मोठा असतो. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला तो ऐकू येतो आणि तरीही स, श, फ यांसारखे बारीक आवाज निसटतात. ठार बहिरं बाळही पहिले काही महिने हुंकार देतं, त्यामुळे शंका येत नाही. नवजात बाळाची श्रवणचाचणी ते झोपेत असताना काही मिनिटांत होते. ऐकण्यातला दोष पहिल्या वर्षातच सापडला, तर श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट आणि स्पीच थेरपी यांच्या मदतीनं मूल बोलू लागण्याची शक्यता खूप वाढते. चौथ्या-पाचव्या वर्षी तेच काम फार अवघड होऊन बसतं. मुंबईत वांद्र्याला 1983 पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे.

जिभेखालचा पडदा आखूड असेल, तर बाळाला अंगावर प्यायला त्रास होतो, पुढे एखाददुसरा उच्चार नीट होत नाही. त्यामुळे शब्दच फुटत नाहीत, असं होत नाही. घरात मराठी आणि शाळेत इंग्रजी असल्यामुळेही बोलणं थांबत नाही. परदेशातल्या किंवा पुण्या-मुंबईतल्या आईबाबांना "मराठी बंद करा" असा सल्ला मिळतो, तेव्हा मुलाची आजीशी बोलायची वाट मात्र बंद होते.

तोतरेपणाबद्दल तर जिभेला प्रत्यक्ष शिक्षाच झालेली आहे. 1841 मध्ये बर्लिनचे नामांकित शल्यचिकित्सक डिफेनबाख यांनी अडखळणाऱ्यांच्या जिभेच्या मुळाशी पाचरीसारखा तुकडा कापायला सुरुवात केली, तीही भूल न देता. तोतरेपणा गेला नाही. आज कुणी जीभ कापत नाही, पण "घाबरतो म्हणून अडखळतो", "दुसऱ्याची नक्कल करून सवय लागली" असं सर्रास म्हटलं जातं. शंभरातली साधारण पाच मुलं लहानपणी केव्हातरी अडखळतात. सुरुवात बहुधा दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान होते आणि बहुतेकांचं पुढे सुटतं. मोठेपणी शंभरात एकाचं उरतं, त्यांत पुरुष जास्त. मेंदूत बोलण्याची जुळणी करणाऱ्या भागांत फरक आढळतो. आनुवंशिकताही असते, 2010 मध्ये काही कुटुंबांत त्याच्याशी जोडलेली जनुकं सापडली. भीती असते, पण ती हसणाऱ्यांमुळे नंतर येते. अनेकांना स्वतःचं नाव सांगणं सर्वांत जड जातं, कारण त्याला पर्यायी शब्द नसतो. म्हणून "सावकाश बोल" असं बजावू नये, त्याचं वाक्य आपण पुरं करू नये. शांतपणे ऐकून घ्यावं. वर्गात शिक्षकांनी एवढं पाळलं तरी त्या मुलाचा दिवस बदलतो.

आवाजाचं दुखणं वेगळं. बोलताना स्त्रियांचे स्वरतंतू सेकंदाला साधारण दोनशे वेळा एकमेकांवर आपटतात. साठ मुलांच्या वर्गात रोज ओरडून शिकवणाऱ्या बाईंच्या स्वरतंतूंवर गाठी येतात, त्या यामुळे. ज्येष्ठमध, खडीसाखर यांनी घशाला बरं वाटतं. पण गिळलेलं काहीही स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही, कारण गिळताना स्वरयंत्र मिटलेलं असतं. कुजबुजून बोलल्यानंही ताण कमी होत नाही. विश्रांती, भरपूर पाणी, माइक आणि आवाजाची थेरपी यांनी बऱ्याच गाठी शस्त्रक्रियेशिवाय जातात. मात्र तीन आठवडे घसा बसलेलाच असेल, त्यातही तंबाखू-विडीची सवय असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवायलाच हवं. स्वरयंत्राचा कर्करोग लवकर सापडला तर बहुधा बरा होतो. डाव्या स्वरतंतूची नस छातीत महाधमनीला वळसा घालून वर येते, म्हणून छातीतल्या गाठीची पहिली खूणही कधी बसलेला आवाजच असते.

मिसरूड फुटल्यावरही आवाज बारीकच राहिलेल्या मुलाला "बायकी" म्हणून छळतात. स्वरयंत्र वाढलेलं असून जुनी लकब टिकलेली असेल, तर थेरपीच्या थोड्याच बैठकांत आवाज उतरतो.

आणि अर्धांगवायूनंतर वाचा गेलेला माणूस. त्याच्याशी लोक ओरडून बोलतात किंवा त्याच्यादेखत त्याच्याविषयी बोलतात. त्याचे कान आणि बुद्धी बहुधा शाबूत असतात. शब्द सापडत नसतात. स्वतःचं नाव सांगता न येणारे काही जण आरती मात्र म्हणू शकतात. बोलणं अचानक अडलं, तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठावं, कारण रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. पुढची सुधारणा मात्र महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं होत राहते. तोवर हो-नाहीत उत्तर देता येईल असे छोटे प्रश्न विचारावेत आणि उत्तरासाठी थांबावं.